गावाचा हिशेब आणि संसदेतील प्रश्न

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथे पक्षकार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामीण भागातून निवडून गेलेला प्रतिनिधी आपल्या मतदारांची गाऱ्हाणी संसदेत मांडतो तेव्हा तो नेमके काय करतो, आणि त्यातून मतदारांच्या पदरात काय पडते, या विषयावर मी बोलावे असे आपण सुचविले. विषय वरवर साधा आहे. परंतु गेल्या काही वर्षांत खासदाराकडून आपण काय अपेक्षा धरतो याचा विचार केला, तर या साध्या विषयाचाच आपल्याला विसर पडला आहे असे दिसून येईल. लग्नाला आला, दुःखात भेटून गेला, दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली, सभामंडपाला निधी दिला, की खासदार चांगला. दिल्लीत त्याने तोंड उघडले की नाही, हे विचारणारा मतदार दुर्मिळ झाला आहे.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करतो. खासदाराच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीची योजना १९९३ साली सुरू झाली. २०११-१२ पासून ही रक्कम प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये ठरविण्यात आली. आपल्या बीड जिल्ह्यात तेराशेहून अधिक गावे आहेत. हा निधी सर्व गावांना सारखा वाटला, तर गावागणिक वर्षाला चाळीस हजार रुपयेसुद्धा येत नाहीत. आता दुसरा आकडा पाहा. २०२५-२६ सालचा केंद्राचा अर्थसंकल्प ५० लाख कोटी रुपयांहून मोठा होता. म्हणजे ज्या ५ कोटींसाठी आपण खासदाराच्या दारात उभे राहतो, ती रक्कम अर्थसंकल्पाच्या दहा लाखांत एक भाग इतकीच आहे. उरलेल्या सर्व रकमेवर खासदाराचा अधिकार काय? तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचा, चर्चा करण्याचा आणि मत देण्याचा. घटनेने त्याला दिलेला खरा अधिकार हाच आहे. दहा लाखांतील एक भाग मागण्यात आपण सर्व शक्ती खर्च करतो आणि बाकीच्या भागाचा हिशेब मागण्याचे सोडून देतो. हा व्यवहार तोट्याचा आहे.

बीडच्या मतदारांना संसदेचे मोल पूर्वी कळत नव्हते असे मात्र नाही. १९६७ साली या जिल्ह्याने क्रांतिसिंह नाना पाटील यांना लोकसभेवर निवडून दिले. ते ना या जिल्ह्याचे, ना मराठवाड्याचे. वाळव्याच्या मुलखातील येडेमच्छिंद्र हे त्यांचे गाव. तलाठ्याची नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात पडले, १९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे केले आणि १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेत गेले. दहा वर्षांनी कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून ते बीडमधून उभे राहिले, तेव्हा येथील शेतकऱ्याने त्यांची जात, जिल्हा किंवा सोयरीक पाहिली नाही. हा माणूस दिल्लीत आपल्या बाजूने बोलेल, एवढेच पाहिले. त्यांच्या पक्षाशी आम्हा समाजवाद्यांचे मतभेद होते. परंतु त्या मतदारांच्या निवडीला दाद दिलीच पाहिजे. पुढे १९७७ साली याच जिल्ह्याने मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे आणि १९८९ साली जनता दलाचे बबनराव ढाकणे यांना दिल्लीला पाठविले. प्रस्थापितांविरुद्ध बोलणाऱ्यास निवडून देण्याची परंपरा या मातीत आहे.

लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून नाना पाटलांचे नाव सांगितले जाते. या गोष्टीकडे भाषाभिमानाच्या दृष्टीने पाहिले जाते, पण तिला दुसरीही बाजू आहे. संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालावे, मात्र ज्या सदस्यास या भाषांतून आपले म्हणणे नीट मांडता येत नाही त्यास मातृभाषेत बोलण्याची परवानगी अध्यक्षांनी द्यावी, अशी तरतूद घटनेच्या १२० व्या कलमात आहे. घटनाकारांनी ही सोय का ठेवली असावी? नांगर धरणारा माणूस इंग्रजी शिकला नाही म्हणून सभागृहात मुका राहू नये, यासाठी. ग्रामीण प्रतिनिधीचे सभागृहातील स्थान हे कोणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाही.

परंतु नुसते बोलणे पुरत नाही. काय बोलावे व कोणत्या आधाराने बोलावे, याचा वस्तुपाठ डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९६३ साली घालून दिला. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून ते त्याच वर्षी लोकसभेत आले होते. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सभागृहात सांगितले. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा साडेसात आण्यांवर आले. लोहियांनी वादाचा मुद्दा सोडला नाही. सरासरी काढताना श्रीमंताचे उत्पन्न गरिबाच्या पानात वाढले जाते, ही त्या वादातील खरी गोम होती. लोहियांनी मांडले ते गाऱ्हाणेच होते, पण त्याला हिशेबाचे रूप दिलेले होते. म्हणून सरकारला आकड्याने उत्तर द्यावे लागले, आणि उत्तर देता देता स्वतःचाच आकडा निम्म्यावर आणावा लागला. दारिद्र्य कसे मोजावे हा प्रश्न देशाच्या चर्चेत त्या वादाने ठळकपणे आला.

गाऱ्हाणे आणि हिशेब यांत फरक हा आहे. गाऱ्हाण्याला सरकार सहानुभूतीने उत्तर देते आणि विषय तेथेच मिटतो. हिशेबाला मात्र आकड्यानेच उत्तर द्यावे लागते, आणि तो आकडा कायमचा नोंदला जातो.

आता आपल्या जिल्ह्याच्या रेल्वेचे उदाहरण घेऊ. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. त्या वेळी खर्चाचा अंदाज सुमारे ३५३ कोटी रुपये होता. आष्टीपर्यंत गाडी धावली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीड शहराने पहिली रेल्वे पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तोवर अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले होते आणि खर्चाचा अंदाज ४८०५ कोटींवर गेला होता. त्यातील निम्मा भार राज्याने उचलावयाचा होता. त्या दिवशी १६८ किलोमीटर मार्ग खुला झाला; परळीपर्यंतचे ९३ किलोमीटर उरलेलेच होते. या तीस वर्षांत बीडने केशरबाई क्षीरसागर, रजनी पाटील, जयसिंगराव गायकवाड, गोपीनाथ मुंडे, प्रीतम मुंडे आणि बजरंग सोनवणे असे सहा सदस्य लोकसभेत पाहिले. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी असे त्यांचे निरनिराळे पक्ष. रेल्वेची मागणी या जिल्ह्यात कोणत्याही पक्षाने सोडली नाही. मोर्चे निघाले, उपोषणे झाली, रास्ता रोको झाले.

असे असता तीस वर्षे का लागली? मूळचे ३५३ कोटी वर्षाला सहा टक्के भाववाढीने वाढवीत नेले, तर तीस वर्षांत ते सुमारे दोन हजार कोटी होतात. प्रत्यक्षात अंदाज त्याच्या दुपटीहून अधिक झाला. म्हणजे महागाईने सगळा खुलासा होत नाही. दिरंगाईची किंमत त्यात मोठी आहे. अर्थसंकल्पात दरवर्षी थोडी रक्कम टाकावयाची, योजना जिवंत आहे असे दाखवावयाचे आणि काम रेंगाळू द्यावयाचे, ही मागास भागाशी वागण्याची जुनी रीत आहे. 'रेल्वे द्या' ही मागणी सरकारने १९९५ सालीच तत्त्वतः मान्य केली होती. म्हणून त्यानंतर मागणी पुन्हा पुन्हा उच्चारण्यात फारसे बळ उरले नव्हते. यंदा किती रक्कम दिली, त्यातील किती खर्च झाली, किती हेक्टर जमीन ताब्यात आली, उरलेली केव्हा येणार, विलंबामुळे खर्च किती वाढला आणि तो कोणाच्या डोक्यावर, हे प्रश्न दर अधिवेशनात, तेच ते, न कंटाळता विचारले जाणे हा खरा उपाय होता.

याच्या उलट बाजूस कोकणचे उदाहरण आहे. प्रा. मधु दंडवते १९७१ पासून १९८९ पर्यंतच्या सलग पाच निवडणुकांत राजापूरमधून निवडून आले. विरोधी बाकांवर असोत की १९७७ मध्ये रेल्वेमंत्री म्हणून असोत, रेल्वेचा अर्थव्यवहार त्यांना तोंडपाठ होता. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा ते अर्थमंत्री होते व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. सुमारे साडेसातशे किलोमीटरचा तो डोंगरदऱ्यांतील मार्ग १९९८ साली पुरा झाला. तेथे पैसा उभारण्याची निराळी व्यवस्था शोधण्यात आली, स्वतंत्र महामंडळ आले, रोखे आले. मंत्रिपद हाती होते म्हणून हे घडले, असे कोणी म्हणेल. पण मंत्रिपद पुष्कळांच्या हाती येते. विषयाचा अभ्यास हाती असतोच असे नाही.

एकट्या सदस्याच्या शक्तीला मर्यादा आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेती, पाणी, आरोग्य हे विषय मुख्यतः राज्यांकडे आहेत. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने सदस्याचे मत पक्षादेशाला बांधून टाकले. खाजगी सदस्याने मांडलेले विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत होऊन कायदा बनल्याची शेवटची घटना १९७० सालची आहे. शिवाय संसद बसते तरी किती? पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या अवघ्या २७४ झाल्या. बैठकाच कमी, तर प्रश्नाला वेळ कोठून मिळणार?

तरीसुद्धा या अडचणींतून वाट काढता येते. पक्षादेश मताला बांधतो, प्रश्नाला बांधत नाही. सत्ताधारी पक्षाचा सदस्यसुद्धा लेखी प्रश्न विचारू शकतो, आणि मंत्र्याचे उत्तर सर्वांना वाचावयास मिळते. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती आहे. आणि संमत न होणारे विधेयकसुद्धा वाया जात नाही. हातकणंगल्याचे तत्कालीन खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ साली लोकसभेत दोन खाजगी विधेयके मांडली. एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचे, दुसरे हमीभावाच्या कायदेशीर हक्काचे. ती संमत झाली नाहीत. पण त्याआधी देशभरच्या शेतकरी संघटना दिल्लीत एकत्र आल्या होत्या आणि विधेयकांचे मसुदे त्यांच्या चर्चेतून तयार झाले होते. त्यामुळे रस्त्यावरील घोषणेला कायद्याची भाषा मिळाली. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात हमीभावाच्या कायद्याची मागणी इतक्या नेमकेपणाने पुढे आली, तिच्यामागे ही तयारी होती.

शेतातून निघालेली मागणी कायद्यापर्यंत कशी जाते, याचे सर्वांत मोठे उदाहरण तर आपलेच आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या माणसाने खडी फोडली. दुष्काळी कामे ही सरकारची दया नसून मजुराचा हक्क आहे, ही कल्पना त्या अनुभवातून रुजली. वि. स. पागे यांनी तिला योजनेचा आकार दिला, विरोधी पक्षांनी व मजुरांच्या मोर्च्यांनी तिला रेटा दिला, शहरातील नोकरदारांनी व्यवसायकर भरून तिचा भार उचलला. १९७७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली संसदेने देशासाठी तसा कायदा करून ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा हक्क दिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा आणला. कामाचे दिवस १२५ केले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा टाकला. हे विधेयक मांडल्यापासून एका आठवड्याच्या आत दोन्ही सभागृहांत संमत झाले. जो कायदा घडण्यास तेहेतीस वर्षांचे श्रम लागले, तो एका आठवड्यात बदलला. गेवराईच्या मजुराला विचारण्याइतकाही वेळ त्यात नव्हता. राज्याच्या तिजोरीत खडखडाट असेल तर सव्वाशे दिवस कोणाच्या पैशाने पुरे होणार, हा प्रश्न प्रत्येक ग्रामीण खासदाराने विचारलाच पाहिजे, मग तो कोणत्याही बाकावर बसलेला असो.

आता या तालुक्याच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येतो. दसऱ्या-दिवाळीनंतर या भागातील गावे अर्धी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल, या हिशेबाने माणसे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. ज्या वाळव्याच्या मुलखातून नाना पाटील बीडचे प्रतिनिधी होण्यास आले, त्याच मुलखाचा ऊस आज बीडचा मजूर तोडतो. उसाची रास्त व किफायतशीर किंमत दिल्लीत ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती क्विंटलला ३५५ रुपये होती. तोडणीचा दर मात्र साखर संघ व मजुरांच्या संघटना यांच्या करारातून ठरतो. त्यात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळाली, तीही संपाच्या व संघटनेच्या जोरावर. मालाची किंमत ठरविण्यास केंद्र सरकार, आणि श्रमाची किंमत ठरविण्यास कोणीच नाही, ही विषमता संसदेत कितीदा मांडली गेली?

२०१९ साली राज्य सरकारने बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक. हा आकडा वाचून ज्याचा हात थरथरणार नाही त्याने सार्वजनिक कार्याचे नाव घेऊ नये. या स्त्रीला आजारपणात एक दिवस खाडा करण्याची सोय नाही, कारण खाड्याचा दंड उचलीत चढतो. हा प्रश्न वैद्यकापेक्षा श्रमाच्या कराराचा अधिक आहे.

कायदा काय म्हणतो? १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. २०२० साली तो नव्या श्रमसंहितेत विलीन करण्यात आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दोहोंतही शब्द आहे तो 'आंतरराज्य'. उमापूरचा मजूर बेळगावच्या कारखान्यावर गेला तर तो स्थलांतरित. कोल्हापूरच्या कारखान्यावर गेला तर नाही. श्रम तेच, कोयता तोच, पालही तेच. राज्याची सीमा ओलांडली नाही म्हणून त्या तरतुदी त्याला लागू नाहीत. आणि ही संहिता संसदेत केव्हा संमत झाली? सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात. करोनाच्या साथीचे कारण देऊन त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला होता, आणि विरोधी सदस्यांच्या बहिष्कारामुळे बाके रिकामी होती. स्थलांतरित मजूर पायी घरी चालत आले त्याच वर्षी, त्यांच्याविषयीचा कायदा प्रश्नाविना संमत झाला.

म्हणून आता आपले काम काय, ते सांगतो. 'बीडच्या ऊसतोड मजुरांचे हाल होत आहेत, सरकार काय करणार?' असा प्रश्न खासदाराने विचारला, तर उत्तर ठरलेले आहे: विषय राज्याच्या अखत्यारीतला आहे. त्याऐवजी असे विचारावे. केंद्राच्या ई-श्रम नोंदणीत बीड जिल्ह्यातील किती ऊसतोड मजूर आहेत? मागील हंगामात बीडच्या शिधापत्रिकेवर कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत किती कुटुंबांनी धान्य उचलले? राज्यांतर्गत हंगामी स्थलांतर करणाऱ्यांस संहितेतील तरतुदी लागू करण्यासाठी दुरुस्ती करणार काय. नसल्यास कारण काय? याला 'राज्याचा विषय' हे उत्तर देता येत नाही. आकडा द्यावा लागतो, किंवा आकडा नाही असे कबूल करावे लागते. दोन्ही उत्तरे आपल्या उपयोगाची आहेत.

असे प्रश्न दिल्लीत बसून सुचत नाहीत. ते वस्तीवर, पालावर, रेशनच्या दुकानापुढे तयार होतात. हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा आपला मजूर फडात असतो. म्हणून त्याची माहिती दसऱ्यापूर्वीच गोळा झाली पाहिजे. प्रत्येक गावात एक वही ठेवा. किती कोयते गेले, कोणत्या कारखान्यावर गेले, उचल किती, किती मुलांची शाळा बुडाली, किती बायांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या, परत येताना अंगावर किती फिरले. ज्या बाईची हकीकत लिहाल तिचे नाव वहीबाहेर जाता कामा नये, एवढे पथ्य पाळा. या वह्यांतून प्रश्न तयार करा आणि खासदाराच्या हाती द्या. तो आपल्या पक्षाचा नसला तरी द्या. सबंध मतदारसंघाचा तोच प्रतिनिधी आहे. त्याने विचारला तर उत्तर छापून गावात वाचा. नाही विचारला तर तेही गावात सांगा. पुढील निवडणुकीत मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे हीच वही उघडा.

आपला पक्ष आज लहान आहे, संसदेत आपले बळ थोडे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु वही ठेवण्यास बहुमत लागत नाही. लोहियांजवळही त्या सभागृहात बहुमत नव्हते. तीन आण्यांचा हिशेब मात्र पक्का होता. उमापूरच्या कोयत्याचा हिशेब तितकाच पक्का करणे हे या हंगामाचे आपले काम आहे.